ढकलायचा पाय

३ एप्रिल २०२३, सोमवार. सॉन माकशिम यांनी त्या दिवशी आमच्या रुग्णालयाच्या खिडकीवर दोन लाख सत्तर हजार वॉन अनामत भरली. नोटा कोरड्या होत्या, पण पिशवीला खाडीचा वास होता. मी पावती दिली. चष्मा घरी राहिला होता म्हणून त्यांनी ती हातभर लांब धरून पाहिली आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठंय?" मी बोट ठेवून दाखवलं. "बरं लिहिलंय," म्हणाल्या आणि पावतीची घडी घालून आतल्या खिशात ठेवली.

मी व्यापारी शाळेत हिशेब शिकलेला माणूस आहे. सुनचनच्या या रुग्णालयात रुग्ण दाखल करून घेण्याचं आणि भांडाराचं काम बघण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि पुढच्या वर्षी ती संपेल. हाडांतलं मला कळतं असं म्हणणार नाही. पण कृत्रिम सांधे, त्यांचं सिमेंट, मांडीला बांधायचे पट्टे, सगळं माझ्या भांडारातून जातं. आणि गुडघे बदलायला येणाऱ्या बायका वर शस्त्रक्रियेला जाण्याआधी माझ्यासमोर बसतात. त्यांतल्या फार थोड्यांना मी 'ताई' म्हणू लागलो. माकशिम ताई त्यांतल्या एक.

योजा खाडीच्या काठावर दुखऱ्या गुडघ्यांना तोटा नाही. ओहोटी लागली की खाडीचा तळ उघडा पडतो. तो चिखल इतका मऊ की उभा माणूस कमरेपर्यंत आत जातो. म्हणून शिंपल्या काढणाऱ्या बायका फळीवरून जातात. माणसाहून लांब, पुढून वर वळलेली लाकडी फळी. तिच्यावर कापडाची चुंबळ ठेवून एक गुडघा टेकायचा, दोन्ही हातांनी पुढचं घमेलं धरायचं आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटत जायचं. एक टेकायचा पाय, एक ढकलायचा पाय. हागो गावात नव्या सुनेला सासू पहिल्याच हिवाळ्यात हे शिकवते, आणि कुठला पाय कोणता हे एकदा ठरलं की जन्माचं ठरलं.

ताई मूळच्या नोकदोंगच्या. घरातली सहावी मुलगी. 'माक' म्हणजे शेवटची; आता पुरे, असं देवाला कळवण्यासाठी बापाने नावातच ते घातलं. देवाने लक्ष दिलं नाही, पाठोपाठ सातवी झाली. विसाव्या वर्षी लग्न होऊन त्या हागोला आल्या आणि तेव्हापासून गावाला त्या नुसत्या 'नोकदोंगवाली'. नवरा मासेमारीच्या होडीवर होता. एका वर्षी होडी परत आली, तो आला नाही. मुलगी तेव्हा शाळेत होती. तिला शिंपल्यांनी शिकवलं, आणि आता ती, ह्यांगसुक, राजधानीत, सोलला, स्वतःच शाळेत शिकवते.

गावाची एक खाडीसभा आहे. चिखलावर सगळ्यांचा मिळून हक्क असतो आणि सभासदाचं नाव सभेत असलं तरच तिथे फळी घालता येते. नियम जुना आहे. नोव्हेंबरात शिंपल्यांचा हंगाम उघडतो त्या दिवशी प्रत्येक सभासदाने स्वतः फळीवरून हद्दीच्या खांबापर्यंत जायचं, खांबाला शिवून परत यायचं. लागोपाठ दोन हिवाळे जो शिवून आला नाही त्याचं नाव कमी. ताईंनी आदला हिवाळा गुडघ्यापायी घरात काढला होता. म्हणजे येत्या नोव्हेंबरात खांब गाठायचा, नाहीतर संपलं.

मी विचारलं, "ताई, आता या वयात नाव राहिलं काय, गेलं काय?"

"घर अजून नवऱ्याच्या नावावर आहे," त्या म्हणाल्या. "फोन मुलीच्या नावावर. गावात मी नोकदोंगवाली. माझं नाव फक्त त्या चिखलावर आहे, साहेब."

मी तपासणीची वेळ लिहून दिली.

तपासणीला मुलगी सोलहून आली होती. डॉक्टर योम यांच्यासमोर ताईंनी पायजमा वर केला तेव्हा डावा गुडघा काळा, जाड, घट्टा पडलेला दिसला. चुंबळीवर इतकी वर्षं टेकलेला. मुलीने लगेच म्हटलं, हाच बदलायचा. मलाही तसंच वाटलं होतं. ताई म्हणाल्या, तो नुसता दिसायला वाईट आहे, सासूसारखा. त्रास उजव्याचा आहे. एक्स-रेत तसंच निघालं. टेकलेल्या गुडघ्याची कातडी तेवढी खराब होती, सांधा ठीक होता. ढकलणाऱ्या गुडघ्यात मात्र हाड हाडाला लागलं होतं. डॉक्टरांना हे नवीन नव्हतं, खाडीकाठच्या पुष्कळ बायका त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. त्यांनी एक्स-रे जरा वर सरकवला आणि मांडीत बोट ठेवलं. तिथे रक्तवाहिनी पांढऱ्या रेघेसारखी दिसत होती. तिच्या भिंतीत चुना साठला होता.

आता यात अडचण काय, ते सांगतो. गुडघा बदलताना मांडीला एक रुंद पट्टा बांधून त्यात हवा भरतात. टूर्निकेट म्हणतात त्याला. त्याने खालचं रक्त थांबतं, कापलेलं हाड कोरडं राहतं, आणि कोरड्या हाडाच्या छिद्रांत सिमेंट नीट शिरून सांधा पक्का बसतो. पण चुन्याने कडक झालेली रक्तवाहिनी दाबली जात नाही, आणि जबरदस्तीने दाबली तर तिलाच इजा व्हायची. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं की पावलापर्यंत रक्त चांगलं पोचतंय, जखम भरेल. फक्त पट्टा बांधू नका.

ताईंनी एवढंच ऐकलं की मांडीला पट्टा चालणार नाही. त्या घरी गेल्या आणि तिथे हागोच्या बायकांनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसतं. चिखलात जाताना मांडीपर्यंत रबरी बूट घालतात आणि आत चिखल येऊ नये म्हणून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधतात. गावात बातमी पसरली की नोकदोंगवालीची शीर त्या पट्टीने दगड झाली, आणि आता डॉक्टर तिला हात लावायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, धरायला गेलेल्या बायकांनी पट्ट्या घरी ठेवल्या. बुटांत इतका चिखल भरला की दोघींना फळीवर आडवं घालून काठाला आणावं लागलं, आणि एकीचा बूट अजून खाडीत आहे. मग सभेचा प्रमुख म्योंग किलनाम स्वतः माझ्या खिडकीवर आला. मी डॉक्टरांना विचारून त्याला सांगितलं की चुना वयाने आणि साखरेच्या आजाराने साठतो, ट्यूबने नाही. पट्टीखाली दोन बोटं जातील एवढी सैल ठेवा म्हणजे झालं.

किलनाम म्हणाला, "दोन बोटं कोणाची? आमच्या बायकांची बोटं तुमच्या मनगटाएवढी."

मी म्हटलं, माझी धरा.

मुलीचा प्रश्न एवढ्यावर सुटणारा नव्हता. ती वाचून आली होती. पट्ट्याशिवाय हाडातून रक्त पाझरत राहतं, रक्त मिसळलं तर सिमेंट धरत नाही, मग काही वर्षांत सांधा हलतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. तिचं म्हणणं होतं की आईने सोलला यावं, मोठ्या रुग्णालयात करून घ्यावं आणि तिथेच तिच्याकडे राहावं.

"घराला लिफ्ट आहे, आई. पलंग आहे. जमिनीवर बसायचं नाही, उठायचं नाही."

"पलंग माझ्याकडेही आहे. तूच पाठवलास ना? चांगला आहे. मिरच्या लवकर वाळतात त्यावर."

"तुला चेष्टा सुचते. सिमेंट सुटलं तर काय करशील?"

डॉक्टर योम यांनी तिला मधे थांबवलं नाही. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग टेबलावरचा नमुन्याचा सांधा पुढे ओढला. त्यांचं म्हणणं मी ऐकलं तसं सांगतो. सांधा बसवायचे दोन मार्ग. एक, सिमेंटशिवाय, धातूच्या खरखरीत पाठीत हाड हळूहळू वाढून तो धरतो. त्याला हाड दणकट लागतं, आणि ताईंचं हाड वयाने हलकं झालं होतं. दुसरा सिमेंटचा, तो त्याच दिवशी पक्का होतो. त्यांनी सिमेंट ठरवलं होतं. रक्त कमी वाहावं म्हणून औषध देतात, भूल देणारे रक्तदाब जरा खाली ठेवतात. हाड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचं, छिद्रं मोकळी करायची, कोरडा कपडा दाबून धरायचा, आणि तो उचलल्याबरोबर सिमेंट भरायचं. पट्ट्याशिवाय बसवलेले सांधे पट्टा बांधून बसवलेल्यांइतकेच टिकलेले त्यांनी पाहिले होते. पुष्कळ सर्जन हल्ली पट्टा मुद्दामच बांधत नाहीत, मांडी कमी दुखते म्हणून.

"पट्टा नसला तर माझं काम वाढतं," ते मुलीला म्हणाले. "सांध्याचं आयुष्य कमी होत नाही. सोलला नेलंत तरी तिथलाही डॉक्टर हेच करील. फक्त त्याला मावशी कोण आहेत ते माहीत नसेल."

ताई इतका वेळ नमुन्याच्या सांध्याकडे बघत होत्या. त्यांनी तो हातात घेतला, वाकवला, सरळ केला.

"डॉक्टर, तुम्ही सारखं म्हणताय वजन पेलेल. वजन कोण टाकतंय? चिखल दाबत नाही, चिखल ओढतो. पाय आत गेला की सोडत नाही. तुमचं सिमेंट ओढ सोसेल का?"

मुलगी आईकडे बघायला लागली. शस्त्रक्रियेनंतर आई पुन्हा फळीवर जाणार हे तिला आत्ता कळत होतं.

डॉक्टरांनी सांध्याचा वरचा तुकडा उचलून वेगळा केला. "हे दोन एकमेकांना बांधलेले नसतात, मावशी. वरचा खालच्यावर नुसता बसतो आणि सरकतो. त्यांना धरून ठेवतात ते तुमचेच स्नायू आणि अस्थिबंध. चिखल सरळ ओढील ती ओढ त्यांच्यावर जाईल, सिमेंटपर्यंत येणार नाही. पण पाय रुतलेला असताना अंग वळवलंत, तर तो पीळ थेट सिमेंटवर. ओढ चालेल. पीळ नाही."

"मग फळी वळवू कशी? आम्ही रुतलेल्या पायावरच वळतो."

"ते मला माहीत नाही."

"मलाही नाही. बघू."

डॉक्टर म्हणाले की त्यांचं मत विचाराल तर चिखलात जाऊच नये. ताई म्हणाल्या की मत विचारलेलं नाही, गुडघा मागितला आहे. डॉक्टर हसले. सोलला न्यायची गोष्ट मुलीने त्यानंतर काढली नाही, पण माझ्या खिडकीवर संमतीची सही करताना तिने पेन इतकं दाबलं की सही खालच्या कागदावर उमटली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ती माझ्या समोरच्या बाकावर बसून होती. आमच्याकडे या कामाला साधारण किती वेळ लागतो ते तिने आधीच विचारून ठेवलं होतं, आणि तो उलटला तेव्हा ती उठून आली.

"साहेब, अजून का नाही झालं?"

मी वर फोन केला. मुख्य परिचारिकेने सांगितलं की डॉक्टर हाड कोरडं करतायत. एकदा केलं, त्यांना पटलं नाही, पुन्हा धुतलंय. मी तेच सांगितलं. मुलगी म्हणाली, "म्हणजे रक्त थांबत नाहीये." मी म्हटलं, "म्हणजे डॉक्टर थांबलेत. ज्याला घाई असते तो पटलं म्हणतो." हे मी तिला धीर द्यायला म्हटलं नाही. डॉक्टर योम यांच्याबरोबर मी पुष्कळ वर्षं काढली आहेत. भांडारातून त्यांना रक्त टिपायचे कपडे नेहमी जास्त लागतात, यावरून आमचे पूर्वी वादही झाले होते.

नंतर परिचारिकेकडून बाकीचं कळलं. तिसऱ्या खेपेला कपडा उचलला तेव्हा हाड मधाच्या पोळ्यासारखं स्वच्छ दिसलं. सिमेंट तोवर कालवून कणकेसारखं झालं होतं. डॉक्टरांनी ते बोटांनी छिद्रांत दाबलं, सांधा ठोकून बसवला, कडेने आलेलं जास्तीचं काढलं आणि सिमेंट घट्ट होईपर्यंत पाय सरळ करून स्वतः दाबून धरला. मग त्यांनी ताटात उरलेला गोळा टकटक वाजवून पाहिला. दगड झाला होता.

ते खाली आले आणि मुलीला म्हणाले, "छान बसलाय." चहा न घेता पुढच्या पेशंटकडे गेले.

ताईंनी व्यायाम शिकवणाऱ्यांना फार त्रास दिला. ते म्हणत दुखेल तिथे थांबा. ताई म्हणत, मग सुरुवात कधी करायची? घरी जाताना त्यांना रुग्णालयाची काठी दिली. हलक्या धातूची, खाली रबराचं बूड. वापरून झाल्यावर परत आणायची किंवा किंमत भरायची, असा नियम आहे. तो मी वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली.

उन्हाळ्यात मी एकदा हागोला गेलो होतो, दुसऱ्या एका पेशंटच्या कागदांसाठी. ताईंच्या अंगणात प्लास्टिक पसरलेलं, त्यावर पाणी ओतलेलं, आणि त्या फळीवर डावा गुडघा टेकून उजव्या पायाने ढकलत होत्या. सरळ छान जात होत्या. मिरचीच्या वाफ्यापाशी आल्या की थांबत, उतरत, फळी हाताने वळवत आणि पुन्हा चढत.

"चिखलात उतरता येत नाही," मी म्हटलं.

"साहेब, तुम्ही आलात म्हणून कळलं," त्या म्हणाल्या आणि मला उकडलेली रताळी दिली.

सप्टेंबरात डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. सिमेंटच्या कडेला कुठे रेघ नव्हती, फट नव्हती. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं: ओढ चालेल, पीळ नाही. वळायचं कसं हे तेव्हाही ठरलेलं नव्हतं. त्या अंग एका बाजूला टाकून बघत होत्या, घमेलं दाबून बघत होत्या. फळी वळे, पण नको तेवढी. हागोच्या चिखलात खांबाच्या अलीकडे पाण्याची एक ओघळ आडवी जाते. तिच्यापाशी वळल्याशिवाय खांब येत नाही.

हंगाम उघडायच्या दिवशी डॉक्टर योम यांनी सुट्टी घेतली आणि मला गाडीत घेतलं. मुलगी आदल्या दिवशीच आली होती. बांधावर गार वारा होता. बायका बुटांवर ट्यूबच्या पट्ट्या बांधत होत्या आणि एकमेकींच्या पट्टीखाली दोन दोन बोटं घालून हसत होत्या. ताई आल्या. एका हातात फळीची दोरी, दुसऱ्या हातात आमची काठी. मला वाटलं चालायला आणली आहे. त्यांनी ती फळीवर घमेल्याशेजारी ठेवली.

किलनामने पाहिलं. "नोकदोंगवाली, काठी कशाला? नियमात काठी नाही."

"नियमात तुझी मोटार तरी आहे का? तिच्यात बसून येतोस ना सभेला?"

बायका हसल्या. किलनामने हात झटकला.

सगळ्या एकदम निघाल्या. ताई सर्वांत मागे. डावा गुडघा चुंबळीवर, उजवा पाय आत जाई, मागे रेटे, सरळ वर येई. डॉक्टर दुर्बीण घेऊन आले होते, पण ती त्यांनी डोळ्यांना लावली नाही. ते नुसते उजव्या पायाकडे बघत होते. ओघळीपाशी बाकीच्या बायका रुतलेल्या पायावर गर्रकन वळल्या आणि पुढे गेल्या. ताईंची फळी ओघळीशी आली आणि थांबली. पाय चिखलात होता. चाळीस वर्षांची सवय त्या पायात होती. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती फक्त "नको" म्हणाली, आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

ताईंनी पाय सरळ वर काढला. पूर्ण बाहेर, फळीवर घेतला. मग काठी उचलली, डाव्या हाताला चिखलात खोल खुपसली, दोन्ही हातांनी तिला धरलं आणि अंग तिच्याकडे ओढलं. फळी काठीभोवती सावकाश फिरली. चिखलावर तिचा अर्धा गोल उमटला. फळीचं नाक खांबाकडे झालं तेव्हा त्यांनी काठी उपसली, रबराचं बूड आतच राहिलं असणार, आणि पाय पुन्हा खाली सोडला.

डॉक्टर म्हणाले, "हां." एवढंच.

खांबाला त्या सगळ्यांच्या नंतर शिवल्या. हाताने नाही, काठीने एकदा ठोकला आणि मग हाताने. परत येताना ओघळीपाशी तसंच केलं, आणि या खेपेला लवकर केलं. बांधाला लागल्या तेव्हा किलनाम शिवून आलेल्यांची हजेरी घेत होता. त्याने त्यांच्याकडे पाहून ओरडून सांगितलं, "नोकदोंगवाली!"

ताई फळीवरून उठल्या नाहीत. "नाव घे," म्हणाल्या.

किलनामला क्षणभर आठवलं नाही. मग त्याने मोठ्याने, सगळ्या बांधाला ऐकू जाईल असं म्हटलं, "सॉन माकशिम."

तेव्हा त्या उठल्या. मुलीने हात पुढे केला, तो त्यांनी धरला. पण काठी तिच्याकडे दिली नाही.

दुपारी त्यांच्याकडे नुकत्या वाफवलेल्या शिंपल्या खाल्ल्या, किमची आणि भात. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि तीन वाट्या भात खाल्ला. निघताना मी काठीचा विषय काढला. ताई म्हणाल्या की ती कामावर लागली आहे, आता कशी परत येणार? मग किंमत भरा, मी म्हटलं. भरते, म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यातही त्या खांबाला शिवून आल्या. सांधा ठीक आहे. काठीचे अठरा हजार वॉन अजून येणे आहेत.